पहिलं पाणी

चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला हेर बाउमान, म्हणजे आपल्याकडचे बाउमानसाहेब, यांचा फोन आला तेव्हा माझा एक पाय बुटात होता आणि दुसरा बाहेर.

“फ्राउ डॉक्टर, पिल्लं दिव्याखाली गोळा होऊन बसलीत,” ते म्हणाले. “पाण्याकडे जात नाहीत.”

“मेली किती?”

“काल तीन. आज सकाळी एकोणीस.”

ऑफिसला न जाता मी सरळ हायवेला लागले. बॉबलिंगेनहून त्यांचं शेत सव्वा तासावर होतं. नेकारसुल्मचा कार प्लांट मागे पडला की टेकड्या सुरू होतात, आणि त्या टेकड्यांत एका छोट्या गावाच्या टोकाला बाउमान यांच्या कोंबड्यांच्या दोन शेड. सबंध रस्ता मी स्वतःला एकच गोष्ट सांगत होते, की हीटर बिघडला असेल. थंडी लागली तरी पिल्लं अशीच एकमेकांच्या अंगावर चढून बसतात. हीटर दुरुस्त होतो.

शेडमध्ये शिरल्या शिरल्या थर्मामीटर बघितला. तापमान अगदी हवं तेवढंच होतं. म्हणजे थंडी नव्हे, आजार.

हेर बाउमान यांनी मेलेली पिल्लं एका स्वच्छ ट्रेमध्ये, खाली पांढरा कागद घालून, ओळीने मांडून ठेवली होती. सत्तरीचा उंच माणूस, पाठ ताठ, ओव्हरऑलला इस्त्री. मी सहा पिल्लं तिथेच टेबलावर उघडली. शेपटीखाली पांढरी विष्ठा चिकटून वाळलेली. पोटात बलकाची पिशवी जशीच्या तशी. अंड्यातला तो बलक पिल्लाला पहिल्या दोन-तीन दिवसांची शिदोरी म्हणून मिळालेला असतो आणि तो एव्हाना जिरायला हवा होता. लिव्हरवर पांढरे ठिपके.

“सालमोनेला?” त्यांनी त्या जंतूचं नाव घेतलं.

“लॅब सांगेल.”

“लॅब सांगेलच. मी तुम्हाला विचारतोय.”

“मला तसंच वाटतंय, हेर बाउमान.”

त्यांनी मान हलवली, टेबलावर पडलेलं एक पिवळं पीस चिमटीत उचललं आणि ट्रेमध्ये परत ठेवलं.

इथे थांबून माझं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. गोष्ट २००८ सालच्या एप्रिलमधली आहे. मी पशुवैद्यकीची पदवी घेऊन जर्मनीत डॉक्टरेटला आले, लग्न झालं, नवरा मंदार बॉबलिंगेनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, म्हणून मीही तिथेच जवळ नोकरी धरली. आमची कंपनी जेमतेम डझनभर माणसांची. आम्ही कोंबडीच्या पिल्लांसाठी प्रोबायोटिक्स बनवायचो. प्रोबायोटिक म्हणजे पोटात राहणारे उपकारी जंतू, जिवंत, पावडरच्या रूपात.

माझ्या सासूबाई त्या वेळी तीन महिन्यांसाठी नाशिकहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना मी एकदा अर्धा तास खर्च करून हे सगळं समजावलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “म्हणजे तू कोंबड्यांच्या पोटात विरजण लावतेस.” मग त्यांनी तेच फोनवरून नाशिकच्या यच्चयावत नातेवाइकांना सांगितलं. मला तेव्हा राग आला होता. आज कुणी विचारलं तर मी तेच एक वाक्य सांगते.

कोंबडीखाली उबलेलं पिल्लू जन्मल्यापासून आईच्या मागे मागे फिरतं, तिने उकरलेल्या मातीत चोच घालतं, तिच्या विष्ठेतही घालतं. वाचायला घाण वाटेल, पण आईच्या पोटातले चांगले जंतू त्याला असेच मिळतात. मशिनमध्ये उबलेल्या पिल्लाला आई नसते. ते प्लास्टिकच्या ट्रेमधून कागदाच्या खोक्यात आणि खोक्यातून धुतलेल्या शेडमध्ये येतं. त्याचं आतडं रिकामं असतं, आणि रिकाम्या घरात जो पहिला शिरेल त्याचं घर. सालमोनेला पहिला शिरला तर संपलंच. आपण चांगल्या जंतूंना आधी शिरवलं तर सालमोनेला आला तरी त्याला बसायला जागा उरत नाही. इंग्रजीत याला कॉम्पिटिटिव्ह एक्सक्लूजन असं भारदस्त नाव आहे. आमच्या पद्धतीत ही पावडर पिल्लांच्या पहिल्या पाण्यातून द्यायची असे. पहिलं पाणी महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी दिली तर तिचा अर्धा उपयोग गेला.

आता हेर बाउमान. त्यांच्या शेडमधली पिल्लं साधी नव्हती. ती हिल्डेच्या कोंबड्यांची पिल्लं होती. हिल्डे ही त्यांची बायको. तिने तीस वर्षं आपल्या पसंतीच्या कोंबड्या निवडून निवडून एक वाण तयार केला होता. करडी पिसं, पिवळे पाय, शांत स्वभाव, आणि बर्फातही अंडी द्यायची सवय. गावात सगळे त्यांना ‘हिल्डेच्या कोंबड्या’ म्हणत. दुसरं नाव नव्हतंच. आधीच्या हिवाळ्यात हिल्डे कॅन्सरने गेली. ती गेली आणि दीड महिन्यात मोठ्या शेडमधल्या कोंबड्यांच्या तपासणीत सालमोनेला निघाला. नियमाप्रमाणे सगळ्या मारल्या गेल्या.

वाण संपलाच असता. पण हिल्डेने पूर्वी साठेक कोंबड्या शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या मित्राला दिल्या होत्या. त्या निरोगी निघाल्या. मित्राला मार्चमध्ये वृद्धाश्रमात हलवलं. त्याआधी दोन आठवडे हेर बाउमान रोज सायकलने जाऊन अंडी गोळा करून आणत होते. त्या कोंबड्या वयस्कर, बघणारं कुणी नाही, बाउमान यांच्या शेडवर त्या वेळी सरकारी बंदी. त्यांना कत्तलखान्यात पाठवावं लागलं. म्हणजे हिल्डेच्या वाणाचं या जगात जे काही उरलं होतं ते त्या अंड्यांत होतं. अंडी मशिनमध्ये उबवली, चारशे दहा पिल्लं निघाली.

मुलगा कार प्लांटमध्ये शिफ्टला जायचा. त्याला कोंबड्यांत रस नव्हता. हेर बाउमान यांना मात्र दुसऱ्या कशातच उरला नव्हता.

पिल्लं आली त्या दिवशी, म्हणजे त्या फोनच्या तीन दिवस आधी, मी स्वतः तिथे हजर होते. शेड बघून मी थक्क झाले होते. भिंतींना नवा चुना, जमीन आरशासारखी, पाण्याच्या पाइपांवर एक डाग नाही. पंपाच्या खोलीत खिळ्याला निळ्या चौकटींचा एक एप्रन टांगलेला होता. त्या खोलीत न धुतलेली अशी तेवढी एकच वस्तू.

“हिल्डेचा,” हेर बाउमान म्हणाले. “तिला सगळं यायचं, स्वच्छता सोडून. मी तीस वर्षं सांगून थकलो. शेवटी तो जंतू आलाच ना.” ते जरा थांबले. “आल्झो, तर मग. या वेळी इथे कणभर घाण सापडणार नाही तुम्हाला.”

मेलेल्या बायकोवर माणूस रागावलेला असू शकतो, हे मला तेव्हा नवीन होतं.

माझ्या चेकलिस्टवर एक प्रश्न होता, पाण्याचे पाइप साफ आहेत का. मी विचारलं, “पाइप धुतलेत ना, हेर बाउमान?”

“फ्राउ डॉक्टर,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज किंचित चढला, “या जिल्ह्यात याहून स्वच्छ पाइप नाहीत.”

मी खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

माझ्या बॅगेत टेस्ट स्ट्रिप्सची डबी होती. पाण्यात जंतुनाशकाचा अंश असला तर कागदाची ती पट्टी पंधरा सेकंदांत निळी होते. आमची पावडर म्हणजे जिवंत जंतू, आणि जंतुनाशक चांगला जंतू, वाईट जंतू असा भेद करत नाही. म्हणून पाणी साधं असणं गरजेचं होतं. पाइप स्वच्छ आहेत का, हा प्रश्नच अपुरा होता. पाइपात काय उरलंय हे विचारायला हवं होतं. आणि उत्तर काहीही आलं तरी पट्टी बुडवायला हवी होती.

मी डबीला हात लावला होता, हे मला पक्कं आठवतंय. पण समोर माझ्या बाबांच्या वयाचा माणूस, चार महिन्यांपूर्वी बायको गेलेली, आताच छातीवर हात ठेवून सांगतोय की पाइप स्वच्छ आहेत. त्याच्यासमोर पट्टी काढायची म्हणजे तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही असं तोंडावर म्हणायचं. आमच्या घरात वडीलधाऱ्या माणसाला एकच गोष्ट दोनदा विचारायची पद्धत नव्हती. दुसऱ्यांदा विचारलं की आई डोळे मोठे करायची. मी बॅग बंद केली.

मग मी पावडर टाकीत मिसळली, पंप सुरू केला, आणि चारशे दहा पिल्लांनी पाइपाच्या निपलमधून गळणाऱ्या थेंबांना चोची लावल्या. हेर बाउमान भिंतीला टेकून बघत होते. “पिताहेत,” ते म्हणाले. “हो. पिताहेत.” त्यांचे डोळे भरून आले होते आणि मी दुसरीकडे बघितलं.

आता परत त्या चौथ्या दिवसानंतर. लॅबचा रिपोर्ट आठवड्याने आला. सालमोनेला होता, आणि तोही आधीच्या कोंबड्यांत सापडलेला तोच प्रकार. तो कुठून आला तेही पुढे कळलं. भिंतीच्या पत्र्यामागे, इन्सुलेशनमध्ये, उंदरांची बिळं होती. चुना तिथे पोचत नाही. पण रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर जे होतं त्याने मला जास्त धक्का बसला. पिल्लांच्या आतड्यांत मी आमचे जंतूही तपासायला सांगितले होते. ते नव्हते. कमी नव्हते, मुळीच नव्हते. एकाही पिल्लात नाही.

माझे बॉस, डॉक्टर क्राउस, यांनी ते पान माझ्याआधी वाचलं होतं.

“आपली पावडर मेलेली होती?” त्यांनी विचारलं.

“त्याच बॅचचा नमुना फ्रिजमध्ये आहे. मी आज वाढवून बघितला. व्यवस्थित जिवंत आहे.”

“मग शेतावर काहीतरी झालं.”

“शेतावर मीच होते.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ते म्हणाले. “म्हणून तुम्हालाच विचारतोय.”

मी रिपोर्ट उचलून बाहेर आले.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा सासूबाई दही लावत होत्या. जर्मनीच्या थंडीत दही लागत नाही म्हणून त्या पातेलं रुमालात गुंडाळून हीटरजवळ ठेवत. दूध तापवून निववलं होतं. त्यांनी करंगळी दुधात घातली, जरा थांबल्या, आणि मगच चमच्याने विरजण लावलं.

“अहो आई,” मी सहज म्हणाले, “रोज तेच दूध, तोच गॅस, तितकाच वेळ. रोज बोट कशाला घालता?”

“रोज तेच असलं म्हणून काय झालं,” त्या म्हणाल्या. “घड्याळाला काय कळतंय कोमट म्हणजे काय. विरजण जिवंत असतं बाई. कढत दुधात पडलं की मेलंच.”

मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले. बोट. मी बोट घातलं नव्हतं. पंधरा सेकंदांची पट्टी माझ्या बॅगेत होती आणि मी ती पाण्यात घातली नव्हती.

“काय झालं गं?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी मी परत शेतावर गेले. तोवर एकशे सात पिल्लं गेली होती. बाकीची वरवर बरी दिसायला लागली होती, आणि हेर बाउमान यांच्या चालण्यात थोडी आशा आली होती, ती मला बघवेना. मी सरळ पंपाच्या खोलीत गेले. कोपऱ्यात एक निळा कॅन होता. पाइपासाठीचं जंतुनाशक. लेबलवर ठळक लिहिलं होतं की वापरानंतर पाइप धुण्याची गरज नाही, अंश राहिला तरी पक्ष्यांना अपाय नाही. आणि ते खरंच होतं. पक्ष्यांना काहीच अपाय नव्हता.

“हे शेवटचं कधी वापरलंत?”

“तुम्ही येणार होतात त्या दिवशी. पहाटे पाचला. आधीच्या आठवड्यात दोनदा केलं होतं, पण म्हटलं, फ्राउ डॉक्टर येताहेत, आणखी एकदा करू.” मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. “का?”

खोटं बोलायची सोय होती. उंदरांवर ढकलता आलं असतं. मी त्यांच्याकडे न बघता, कॅनकडे बघत, सगळं सांगितलं. पावडर पाइपांतल्या पाण्यात पोचली तेव्हाच, पिल्लांच्या चोचीत जायच्या आधीच, मेली असणार. पिल्लांनी त्या दिवशी प्यायलं ते नुसतं पाणी.

त्यांनी कॅन उचलून लेबल पुन्हा वाचलं.

“म्हणजे मी केलं,” ते म्हणाले.

“नाही. मी विचारलं नाही.”

“विचारलं होतंत.”

“नीट विचारलं नाही. माझ्याकडे तपासायची पट्टी होती. मी ती काढली नाही.”

“का?”

“तुमचा अपमान होईल असं वाटलं.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एखादी न समजणारी भाषा बोलत होते. “अपमान,” ते म्हणाले. “पट्टीने?” मग ते खाली बादलीवर बसले. त्या माणसाला मी आधी कधी बसलेलं बघितलं नव्हतं.

औषध का दिलं नाही, असं वाचकांना वाटेल. त्यांनीही विचारलं. या सालमोनेलाचं असं आहे की अँटिबायोटिकने पिल्लू वाचतं, पण जंतू आत दडून राहतो. ते पिल्लू मोठं होऊन अंडी घालायला लागलं की तो अंड्यात उतरतो, आणि तिथून माणसाच्या ताटात. म्हणून अंड्यांसाठी वाढवल्या जाणाऱ्या पैदाशीच्या कळपात तसं करायला कायदा परवानगी देत नाही. एक अपवाद होता. दुर्मीळ, मौल्यवान वाण वाचवायचा असेल तर खास परवानगी मिळू शकते. मी त्याच दुपारी अर्ज लिहिला. जिल्ह्याच्या सरकारी पशुवैद्य बाईंनी तो माझ्यासमोर वाचला. माणूस म्हणून बाई चांगल्या होत्या. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष नव्हता.

“वाणाचं नाव?” त्यांनी विचारलं.

“हिल्डेच्या कोंबड्या.”

“नोंदणीतलं नाव?”

मी हेर बाउमान यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, “नोंदणी नाही. तिने कधी कागद केले नाहीत. आम्ही कोंबड्या पाळायचो.”

पशुवैद्य बाईंनी पेन खाली ठेवलं. “नोंदणी नसलेल्या वाणाला मी मौल्यवान कसं ठरवू, हेर बाउमान? मला ठरवायचंय, पण कशावर बोट ठेवून ठरवू?”

हिल्डेने तीस वर्षं कोंबड्या जमवल्या आणि एक कागद जमवला नाही. जर्मनीत राहून मला कागदांची इतकी सवय झाली होती की मी तिथे उभी राहून हिल्डेवर मनातल्या मनात चिडले. लगेच लाजही वाटली.

सोळाव्या दिवशी उरलेली दोनशे शहाण्णव पिल्लं मारायची ठरली. गॅसचा कंटेनर येतो, पिल्लं आत ठेवायची, झाकण लावायचं. वेदना होत नाहीत, असं आम्ही पशुवैद्य सांगतो, आणि बहुतेक ते खरं आहे. कंटेनरबरोबर पांढऱ्या सूटमधली दोन माणसं आली होती. हेर बाउमान त्यांना म्हणाले, “मी उचलतो.” त्यांना कुणी अडवलं नाही. ते एका वेळी दोन पिल्लं उचलत, दोन्ही तळहातांवर धरून नेत आणि आत ठेवत. टाकत नव्हते, ठेवत होते. करडी पिसं फुटायला लागली होती. पाय पिवळे. मीही उचलायला लागले. तासभर लागला. माझ्या हातातलं एक पिल्लू झोपून गेलं होतं, ते मी तसंच आत ठेवलं. आज इतक्या वर्षांनी पिल्लांचा विषय निघाला की मला तेच एक आठवतं.

ऑफिसमध्ये रिपोर्ट लिहायची वेळ आली. डॉक्टर क्राउस म्हणाले, “वापरकर्त्याची चूक, एवढं लिहा. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.”

“वापरावर देखरेख मी करत होते,” मी म्हणाले. “माझं नाव लिहिते.”

“कंपनीच्या रिपोर्टमध्ये असं कुणी लिहीत नाही, फ्राउ पाटणकर.”

“मग मी पहिली.”

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “लिहा,” ते म्हणाले. “पण त्याने एकही पिल्लू परत येणार नाही, हे लक्षात ठेवा.” बोलले ते खरंच होतं. तरीही मी लिहिलं.

मे महिन्याच्या शेवटी आमचा पंप आणि टाकी परत आणायला मी शेवटची शेतावर गेले. शेड पुन्हा धुऊन लख्ख केली होती. भुसा नाही, दिवे नाहीत, आत काही नाही, आणि भिंतींना पुन्हा नवा चुना.

“कुणी येणार आहे का?” मी विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. “घाण ठेवून कसं चालेल.”

आम्ही पंप सोडवून बाहेर आणला. कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या उकिरड्यावर एक गावठी कोंबडी तिची आठ-नऊ पिल्लं घेऊन शेण उकरत होती. ती मागे सरली की पिल्लं पुढे होत आणि तिने उकरलेल्यात चोची खुपसत. सगळी तुकतुकीत, धडधाकट. हेर बाउमान हातातला पाइप तसाच धरून बघत राहिले.

“हिच्या पिल्लांना कोण देतं तुमची पावडर?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही. तीच देते.”

ते आत गेले आणि तो निळ्या चौकटींचा एप्रन घेऊन आले. उन्हात बघितलं तेव्हा त्याच्या पोटाशी जुना तपकिरी डाग दिसला, कधीच न गेलेला.

“दर वसंतात नवी पिल्लं आली की हिल्डे मोठ्या शेडमध्ये जायची,” ते म्हणाले. “कोंबड्यांच्या पायाखालचा जुना भुसा या एप्रनमध्ये घालून आणायची आणि पिल्लांखाली पसरायची. मूठ, दोन मुठी. मी नुकतीच धुतलेली शेड. मी चिडायचो. दर वर्षी आमचं यावरून भांडण व्हायचं.”

“कशाला आणते, हे विचारलंत कधी?”

“विचारलं होतं. म्हणायची, पिल्लांना घर लागू दे.” त्यांनी एप्रनची घडी घातली, परत उलगडली. “तीस वर्षांत तिची पिल्लं कधी अशी मेली नाहीत. मी म्हणायचो, नशीब आहे. आणि शेवटी जंतू आला तेव्हा मी तिच्या थडग्याजवळ उभा राहून तिला बोललो, फ्राउ डॉक्टर. म्हटलं, बघ, तुझ्या घाणीने केलं.”

मी एप्रनवरच्या त्या डागाकडे बघत होते.

“तिचं बरोबर होतं का?” त्यांनी विचारलं.

शास्त्राप्रमाणे उत्तर लांबलचक होतं. निरोगी कोंबड्यांचा भुसा असेल तर हो. शेवटच्या वर्षी मोठ्या शेडमध्ये जंतू आलेला होता, तेव्हा त्याच भुशाने घातही झाला असता. हे सगळं मला माहीत होतं आणि त्यातला एकही शब्द मी उच्चारला नाही.

“बरोबर होतं.”

“नक्की?”

“नक्की, हेर बाउमान.”

त्यांनी मान हलवली, पंप माझ्या गाडीत ठेवायला मदत केली आणि हात मिळवला. एप्रन दुसऱ्या हातात होता. त्यानंतर आमची भेट झाली नाही. दोन वर्षांनी त्या टेकड्यांतून जाताना शेडच्या जागी सोलर पॅनेल दिसली. मी गाडी थांबवली नाही.

आमच्या चेकलिस्टवर तेव्हापासून एक ओळ वाढली आहे, ‘पाण्यात पट्टी बुडवली का, स्वतः बघितली का’. नव्याने लागलेले सहकारी कुरकुर करतात की शेतकरी नाराज होतात, त्यांना तो अविश्वास वाटतो. मी म्हणते, वाटू दे. मी स्वतः आता कुठल्याही शेडमध्ये गेले की आधी पट्टी पाण्यात घालते आणि मग हात मिळवते. नाराज माणसाची समजूत काढायला पुढे पुष्कळ वेळ असतो. पिल्लाला पहिलं पाणी एकदाच मिळतं.